नाकुलीच्या दारात फणस

शेवंतीकाकीच्या घरामागे होतं परस.
परसात होतं फणसाचं झाड.
झाडाखाली होतं एक बीळ.
आणि बिळात कोण राहायचं?
नाकुली!

नाकुली म्हणजे चिचुंद्री. एवढीश्शी! नाक लांब लांब. डोळे मोहरीएवढे. तिला दिसायचं थोडं, पण वास यायचे सगळे. आणि तिच्या अंगालाही एक वास यायचा. कसला? ते नका विचारू. नाक धरा आणि गोष्ट ऐका.

नाकुलीची होती पिल्लं. गुलाबी गुलाबी. झोपाळू झोपाळू.

एका सकाळी पिल्लं झोपली होती. नाकुली म्हणाली, "जाते. पिल्लांसाठी खाऊ आणते."
ती बिळातून बाहेर आली. एक पाऊल टाकलं. दुसरं पाऊल टाकलं.
आणि मागे आवाज झाला,
धप्प!

नाकुलीनं मागे वळून पाहिलं. बीळ कुठे गेलं? दार कुठे गेलं?
दारावर बसला होता एक फणस! मोठ्ठा. काटेरी. ढब्बू.

"अगंबाई!" नाकुली म्हणाली. "माझ्या डोक्यावर नाही पडला. एवढं तरी बरं!"

तिनं फणसाला नाकानं ढकललं. टुच! काटा टोचला.
तिनं शेपटीनं ढकललं. टुच! तिथेही टोचला.
आतून पिल्लं ओरडली, "चुं चुं! आई, दार का लावलंस?"
"मी नाही लावलं. फणसानं लावलं!"
"चुं चुं! आई, भूक लागली!"
"थांबा हं सोन्यांनो. आत्ता उघडते."

नाकुली फणसाला म्हणाली,
"फणसा फणसा, बाजूला सर ना!
दार उघडेना,
पिल्लं बाहेर येईनात!"

"मी नाही ज्जा!" फणस म्हणाला.
"का रे?"
"एवढ्या उंचावरून पडलो! कोणी विचारलं मला, लागलं का म्हणून? माझी पाठ दुखते. आणि मला पाय तरी आहेत का? म्हैस ढकलेल, तरच मी हलेन."
आणि फणस फुगून बसला. तसा तो आधीपासूनच फुगलेला होता.

नाकुलीनं कान लावला. आतून येत होतं, चुं चुं, चुं चुं.
"पिल्लांचा आवाज येतोय," ती म्हणाली. "एवढं तरी बरं!"

निघाली नाकुली.
तुरुतुरु, तुरुतुरु.
नाक पुढे, शेपूट मागे.

गोठ्यापाशी उभी होती म्हैस. काळी काळी. घामाघूम.

"म्हशी म्हशी, फणस ढकल ना!
फणस हलेना,
दार उघडेना,
पिल्लं बाहेर येईनात!"

"मी नाही ज्जा!" म्हैस म्हणाली.
"का गं?"
"ऊन बघ केवढं! अंग बघ कसं तापलंय! माशा बघ किती! आणि मी फणस ढकलू? पाटात पाणी वाहेल, तरच मी डुंबेन. डुंबेन, तरच ढकलेन."
आणि म्हशीनं शेपूट फिरवलं. सप्प!
माशी उडाली. आणि नाकुलीपण उडाली!
सुंईंईं... भप्प!

कुठे पडली? गवताच्या ढिगात. मऊ मऊ, गुदगुदीत.
नाकुलीनं नाक बाहेर काढलं. "शेणात नाही पडले," ती म्हणाली. "एवढं तरी बरं!"

निघाली नाकुली.
तुरुतुरु, तुरुतुरु.
नाक पुढे, शेपूट मागे.

परसातून जात होता पाट. पाट म्हणजे पाण्याची छोटी वाट. पण पाटात पाणी होतं कुठे? होता नुसता पाचोळा.

"पाटा पाटा, वाहा ना!
म्हैस ढकलीना,
फणस हलेना,
दार उघडेना,
पिल्लं बाहेर येईनात!"

"मी नाही ज्जा!" पाट म्हणाला.
"का रे?"
"कसा वाहू? गळ्यापर्यंत पाचोळा भरलाय! फणसाची पानं माझ्यात. आंब्याची पानं माझ्यात. केरसुद्धा माझ्यात! पाणी तिकडे वरती अडून बसलंय. खराटा झाडेल, तरच मी वाहीन."
आणि पाट गप्प पडून राहिला.

नाकुलीनं पाचोळ्यात नाक खुपसलं. हुंग हुंग. पानाखाली होता एक किडा. लठ्ठ!
पिल्लांसाठी ठेवावा का? ठेवावा. पण दार तर बंद! आणि किडा तर पळतोय!
मग काय? गट्टम!
"पोटात थोडं गेलं," नाकुली म्हणाली. "एवढं तरी बरं!"

निघाली नाकुली.
तुरुतुरु, तुरुतुरु.
नाक पुढे, शेपूट मागे.

मागच्या दाराशी पडला होता खराटा. पण कसला खराटा! एक काडी इकडे. एक काडी तिकडे. एक काडी कोंबडा घेऊन पळालेला.

"खराट्या खराट्या, पाट झाड ना!
पाट वाहेना,
म्हैस ढकलीना,
फणस हलेना,
दार उघडेना,
पिल्लं बाहेर येईनात!"

"मी नाही ज्जा!" खराटा म्हणाला.
"का रे?"
"माझी दोरी तुटली! माझ्या काड्या पसरल्या! रोज सगळ्यांचा केर मी काढतो. आणि आज माझाच केर झाला! शेवंतीकाकी बांधेल, तरच मी झाडेन."
आणि खराटा रुसला. सगळ्या काड्या रुसल्या. एक एक काडी वेगळी वेगळी रुसली.

नाकुलीची पाठ खाजत होती. गवत चिकटलं होतं ना! ती काड्यांमधून इकडून तिकडे गेली. तिकडून इकडे आली. खर्र, खर्र, आहाहा!
"पाठ खाजवून झाली," ती म्हणाली. "एवढं तरी बरं!"

निघाली नाकुली.
तुरुतुरु, तुरुतुरु.
नाक पुढे, शेपूट मागे.

पडवीत बसली होती शेवंतीकाकी. पुढ्यात नारळाचा काथ्या. काथ्याचा ती सुंभ वळायची. सुंभ म्हणजे जाडी दोरी. पण आज काकी दोरी वळत नव्हती. डोक्याला फडकं बांधून बसली होती.

"काकी काकी, खराटा बांधा ना!
खराटा झाडीना,
पाट वाहेना,
म्हैस ढकलीना,
फणस हलेना,
दार उघडेना,
पिल्लं बाहेर येईनात!"

काकी म्हणाली, "कोण गो? अगो बाई, चिचुंद्री! लांबून बोल. वास येतोय!"
नाकुली थोडी लांब गेली.
काकी म्हणाली, "मी नाही ज्जा!"

हो! काकीसुद्धा तसंच म्हणाली. मोठी माणसंही म्हणतात कधी कधी. हळूच म्हणतात, तुम्हाला ऐकू येत नाही.

"का हो काकी?"
"सकाळपासून चहा नाही गो! डोकं ठणकतंय. हात हलत नाहीत. फुंकून फुंकून गाल दुखले, तरी चूल काही पेटत नाही. चूल पेटेल, तरच मी चहा पिईन. चहा पिईन, तरच बांधेन."
आणि काकीनं डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात कोण आलं? मांजर! मांजरानं नाकुलीला पाहिलं. मांजर दबकलं. मांजर सरकलं. मांजर अगदी जवळ आलं.
आणि मांजरानं नाक मुरडलं. "शी! काय हा वास!"
मांजर गेलं निघून.
"माझ्या अंगाला वास येतो," नाकुली म्हणाली. "एवढं तरी बरं!"

निघाली नाकुली.
तुरुतुरु, तुरुतुरु.
नाक पुढे, शेपूट मागे.

स्वयंपाकघरात होती चूल. आग नाही, जाळ नाही. नुसता धूर. धूरच धूर.

"चुली चुली, पेट ना!
काकी बांधीना,
खराटा झाडीना,
पाट वाहेना,
म्हैस ढकलीना,
फणस हलेना,
दार उघडेना,
पिल्लं बाहेर येईनात!"

"मी नाही ज्जा!" चूल म्हणाली.
"का गं?"
"ओली लाकडं घातलीत माझ्यात! बघ, बघ, कशी फसफसतात. फुंकतात मला, आणि वर म्हणतात, चूल वाईट! माड वाळकी झावळी टाकेल, तरच मी पेटेन."
आणि चुलीनं सोडला धूर. फुस्स! सगळा नाकुलीच्या नाकात. केवढं ते नाक, आणि केवढा तो धूर!
आं... आंक्... आंक्छी!

नाकुली शिंकली आणि गोल फिरली. डोळ्यांत पाणी आलं. पण नाक कसं झालं? मोकळं! लांबून फणसाचा वास आला. गवताचा आला. मांजराचासुद्धा आला.
"नाक मोकळं झालं," ती म्हणाली. "एवढं तरी बरं!"

निघाली नाकुली.
तुरुतुरु... तुरु... तुरु...
नाक पुढे, शेपूट मागे.
आता पाय दुखत होते हं.

घराच्या कडेला उभा होता माड. उंच उंच. त्याचं डोकं पार आभाळात.

"माडा माडा, झावळी टाक ना!
चूल पेटेना,
काकी बांधीना,
खराटा झाडीना,
पाट वाहेना,
म्हैस ढकलीना,
फणस हलेना,
दार उघडेना,
पिल्लं बाहेर येईनात!"

माड वरून म्हणाला, "काऽऽय? ऐकू नाही आलं! मोठ्यानं बोल!"

घ्या! आता पुन्हा सगळं म्हणायचं. नाकुली एकटी दमली. तुम्हीपण म्हणा बरं तिच्याबरोबर. मोठ्यानं!

"माडा माडा, झावळी टाक ना!
चूल पेटेना,
काकी बांधीना,
खराटा झाडीना,
पाट वाहेना,
म्हैस ढकलीना,
फणस हलेना,
दार उघडेना,
पिल्लं बाहेर येईनात!"

आलं माडाला ऐकू. शाब्बास!

पण माड म्हणाला, "मी नाही ज्जा!"
"का रे?" नाकुलीनं विचारलं. अगदी बारीक आवाजात.
"सगळे मला नारळ मागतात. झावळ्या मागतात. पण माझ्याजवळ कोणी बसतं का? सावलीला जातात फणसाखाली. नाहीतर आंब्याखाली. मला म्हणतात, माडाची कसली आलीय सावली! नुसत्या रेघा!"
आणि माडानं मान फिरवली.

नाकुलीनं कान टवकारले. फणसाकडून आवाज येतोय का?
चुं चुं नाही. चुं पण नाही.
पिल्लं रडत असतील का? भुकेनं गप्प झाली असतील का?
नाकुलीनं इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. पुढे हुंगलं. मागे हुंगलं. आता बरं म्हणावं असं काही सापडेच ना!
ऊन डोक्यावर. पाय पोळलेले. डोळ्यांत धूर. अंगाला गवत.
नाकुली मटकन खाली बसली. आणि रडायला लागली.
टिप. टिप. टिप.

रडता रडता तिला वाटलं, अरे! इथे गार कसं?
तिनं वर पाहिलं. माडाची झावळी हलत होती. तिनं खाली पाहिलं. जमिनीवर झावळीची सावली पडली होती. बारीक बारीक रेघा. एक रेघ बरोबर नाकुलीवर. नाकापासून शेपटीपर्यंत. जराही उरली नाही, जराही कमी पडली नाही.

नाकुलीनं डोळे पुसले. "माडा रे! ही तुझी सावली?"
माड लाजला. "हो. एवढीच आहे. नुसती रेघ."
"मीपण रेघेएवढीच आहे!" नाकुली म्हणाली. "आंब्याची सावली मला मोठी होते. तीत मी हरवते. ही माझ्या मापाची आहे. मी इथे जरा बसू का?"

माडानं फिरवलेली मान परत वळवली.
मग माड हळूच म्हणाला, "बस की. बस ना! बस हवी तेवढी!"

नाकुली बसली. रेघेत रेघ होऊन बसली. माडाला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की तो डुलायला लागला. इकडे डुलला. तिकडे डुलला.
"नाकुली, जरा डावीकडे सरक हं," माड म्हणाला.
नाकुली सरकली.
आणि वरून आली एक वाळकी झावळी.
सर्रर्र... धप्प!

आता बघा हं गंमत!

झावळी पडली काकीच्या दाराशी. काकीनं उचलली. मोडली. कड्कड् कड्कड्. चुलीत घातली.
चूल पेटली. भक्क!
"हुश्श!" चूल म्हणाली. "जरा जास्तच पेटले की काय?"
"छान पेटलीस चुली!" नाकुली म्हणाली. चूल लाल झाली. म्हणजे आणखी लाल झाली.

चुलीवर चहा उकळला. खळ्खळ् खळ्खळ्. काकी चहा प्याली.
फुर्र फुर्र, आहाहा!
"साखर जरा कमीच पडली," काकी म्हणाली. पण तिनं डोक्याचं फडकं सोडलं. आणि ती हसली.

काकीनं घेतला सुंभ. गोळा केल्या काड्या. कोंबड्याच्या मागे पळून ती एक काडीपण आणली. आणि खराटा बांधला.
गच्च!
"आई गं!" खराटा म्हणाला. "फार आवळलंत काकी!" पण तो कसा ताठ उभा राहिला. ऐटीत!

काकीनं खराटा हातात घेतला. गेली पाटाकडे. खराट्यानं पाट झाडला.
खर्र खर्र, खर्र खर्र.
पाचोळा गेला. केर गेला. आणि वरून पाणी आलं.
पाट वाहिला. झुळुझुळु, झुळुझुळु.
"उई! गार आहे पाणी!" पाट म्हणाला. आणि गुदगुल्या झाल्यासारखा वाहत सुटला.

पाण्याचा आवाज म्हशीनं ऐकला. म्हैस धावली. म्हणजे चाललीच, पण म्हशीच्या मानानं धावली. वाटेत पाट जिथे रुंद होता, तिथे ती पाण्यात बसली.
डुबुक, फतक्!
"पाणी जरा कोमट आहे," म्हैस म्हणाली.
"गार आहे!" पाट म्हणाला.
"कोमट!"
"गार!"
नाकुली म्हणाली, "म्हशी म्हशी, पिल्लं आत आहेत गं..."
"अरे हो! विसरलेच." म्हैस उठली. निथळत निथळत निघाली. फणसापाशी आली. खाली वाकली. डोकं लावलं.
ढुश्श!

फणस हलला.
गडगड, गडगड, गडगड... फट्ट!
"अयाई गं! माझं पोट फुटलं!" फणस ओरडला. आणि मग म्हणाला, "पण इथून सगळं परस दिसतं की! तिथे तोंड मातीत होतं."

दार उघडलं.

सगळे बघत राहिले. म्हैस थांबली. काकी थांबली. खराटा थांबला. माड वरून वाकून बघायला लागला.
बिळातून आवाज नाही. चुं नाही. चां नाही.
नाकुलीनं नाक आत घातलं. हुंग हुंग.

आणि आतून आवाज आला.
"आऽऽऽऽ..."
जांभई!

एक पिल्लू बाहेर आलं. डोळे चोळत. मग दुसरं. त्याच्यामागे आणखी. सगळ्यांत शेवटी आलं सगळ्यांत धाकटं. त्याला तर बाहेरच यायचं नव्हतं.
"आई, का उठवलंस? आत किती गार होतं! फणसानं ऊन अडवलं होतं. आणि वास काय छान येत होता! आम्ही वास खाल्ला आणि झोपलो."

म्हैस काकीकडे बघायला लागली. काकी म्हशीकडे बघायला लागली.
"अगो बाई!" काकी म्हणाली. "आम्ही इकडे घामाघूम! आणि ही पोरं झोपली होती!"
आणि काकीला असं हसू आलं, असं हसू आलं, की ती खालीच बसली. म्हैसपण हसली. म्हैस हसली की तिचं पोट हलतं. डुगडुग, डुगडुग.
नाकुली हसली का? नाही. तिनं एकेका पिल्लाला हुंगलं. हे आहे. हेपण आहे. हेपण. आणि हे धाकटं. सगळी आहेत!
मग ती हसली.

सगळ्या परसात घमघमाट सुटला. फणस पिकला होता ना! आणि आता तर तो फुटला होता. आत पिवळे पिवळे गरे. गोड गोड गरे.
काकी म्हणाली, "पहिला गरा कोणाचा?"
"माझा!" म्हैस म्हणाली.
"गप बस!" काकी म्हणाली. "पहिला गरा नाकुलीचा. आमची तोंडं वाकडी होती. हिनं आम्हाला कामाला लावलं."

नाकुलीला मिळाला गरा. तिच्याहून मोठा! तिनं तो पिल्लांना दिला. पिल्लांनी खाल्ला. मचमच, मचमच. मग नाकुलीनं खाल्ला. मचमच, मचमच. म्हशीला मिळाली सालं. काकीनं खाल्ले गरे. बिया भाजायला घातल्या चुलीत.
आणि मांजर? मांजर लांब बसलं होतं. नाक मुरडून. त्याला कोणी बोलावलं नाही.

"अगो नाकुली!" काकी एकदम ओरडली. "नाकाला तेल लावलंस का? फणसाला चीक असतो गो!"

उशीर झाला होता.

नाकुलीच्या शेपटीला लागला होता चीक. पिल्लाचं नाक लागलं नाकुलीच्या शेपटीला. चिकटलं!
त्या पिल्लाच्या शेपटीला लागलं दुसऱ्याचं नाक. चिकटलं!
त्याच्या शेपटीला लागलं आणखी एकाचं नाक. चिकटलं!
आणि सगळ्यांत शेवटी सगळ्यांत धाकटं. त्याचं नाकपण चिकटलं!

"आई, सुटेना!" एक पिल्लू म्हणालं.
"आई, ओढू नको!" दुसरं म्हणालं.
"आई, हा माझ्या शेपटीत शिंकतोय!" आणखी एक म्हणालं.

काकी तेल आणायला धावली. पण नाकुलीला धीर कुठला? ती चालायला लागली. नाकुली वळली की सगळे वळले. नाकुली थांबली की सगळे धडकले. धप, धप, धप!

"कोण रडतंय?" नाकुलीनं विचारलं. "मागचं धाकटं रडतंय का?"
धाकटं रडत नव्हतं.
"आई," ते म्हणालं, "मला वाट शोधायलाच नको. नाक चिकटलंय. पाय आपोआप चालतायत. मी डोळे मिटून घेऊ?"
"घे," नाकुली म्हणाली.

धाकट्यानं डोळे मिटले.
चालता चालता झोपलंसुद्धा.

आणि चालली ती साखळी, परसातून, पाटाच्या कडेनं, माडाच्या रेघारेघांतून. काकी तेलाची वाटी घेऊन मागे मागे. अजून चाललीय. तुम्ही डोळे मिटलेत, तर तुम्हालाही फणसाचा वास येईल.